फळ्यावर पेटणारे बल्ब

बल्ब पेटला नाही तर तुम्ही-आम्ही काय करतो? हलवून बघतो, वायर घट्ट करतो, सेल उलटा तर लागला नाही ना ते पाहतो. आमचे सर फळ्याकडे जायचे. खरंच सांगते. टेबलावर बल्ब विझलेला, इयर एटची, म्हणजे बारा-तेरा वर्षांची पोरं "सर, सर" करून कोकलतायत, आणि हे महाशय पाठमोरे उभे राहून फळ्यावरची आकृती तपासतायत. एखाद्या कोपऱ्यात रेघेला रेघ नीट भिडलेली नसली की ती पुसायची, मीटरभर लांबीची लाकडी पट्टी लावून पुन्हा ओढायची, आणि मग वळून विजयी मुद्रेने बल्बकडे बघायचं. बल्ब अर्थातच तसाच ढिम्म. त्यांचं ठाम मत होतं, "डायग्राम बरोबर असली की बल्बला पेटावंच लागतं." पेटावंच लागतं म्हणे! बल्ब काय ह्यांच्या हाताखाली नोकरीला होता?

मी त्या शाळेत लॅब टेक्निशियन होते. लंडनच्या हाउन्सलोमधली मोठी शाळा, दोन हजार चार-पाचचा सुमार. दोन लॅबच्या मधे एक चिंचोळी प्रेप रूम, दोन्ही बाजूंना काचेची खिडकी असलेली दारं, आणि आत मी. टीचरने आदल्या दिवशी चिठ्ठी द्यायची, उद्या कुठल्या पिरियडला काय लागणार ते लिहून. मी ट्रे लावून ठेवायचे, तास झाला की आवरायचे, मोडलेलं दुरुस्त करायचे, बाटल्या-बीकर धुवायचे. पुण्याची बी.एस्सी. होते मी, फिजिक्समध्ये फर्स्ट क्लास. पण लग्न होऊन इकडे आले, मुलगी झाली, शाळेच्या वेळा सोयीच्या होत्या. आणि खरं सांगायचं तर दाराआडून दुसऱ्यांचे तास बघून त्यांची टिंगल करण्यात मला फार मजा यायची.

त्या टिंगलीला सरांनी चार वर्षं भरपूर खाद्य पुरवलं.

सर सोलापूरचे. तेव्हा इकडे फिजिक्सच्या टीचर्सचा दुष्काळ होता आणि एजन्सीवाले पार तिकडे जाऊन हॉटेलात इंटरव्ह्यू घेऊन माणसं उचलून आणत होते. अशा माणसांना चार वर्षं शिकवू द्यायचे. तेवढ्या काळात इकडचं क्वालिफाईड टीचर हे स्टेटस मिळवायचं, नाहीतर गाशा गुंडाळून परत. सर आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. हाउन्सलो वेस्टला एका खोलीत राहायचे. बायको सोलापुरात. स्टेटस मिळालं की तिला आणणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं आणि पुढे दर सोमवारी सांगत राहिले.

शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. स्टाफरूमच्या किटलीला रोज टेस्टर लावल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. एका डिसेंबरमध्ये तर त्यांनी ख्रिसमस ट्रीला टेस्टर लावला. मॅथ्सवाले सगळे रांगेने उभे राहून बघत होते आणि ह्यांना वाटलं, शिकण्यासाठीच बघतायत. त्यांनी शांतपणे फेज आणि न्यूट्रल समजावून सांगितलं.

विमानांचीही अशीच तऱ्हा. आमच्या शाळेवरून दर दोन मिनिटांनी एक विमान जायचं, हीथ्रो जवळच. बाकीचे टीचर्स आवाज चढवून बोलत राहतात. सर मात्र बोलता बोलता मधेच थांबायचे, अगदी शब्दाच्या मध्यावर. "अमी..." आणि गप्प. विमान गेलं की "...टर." पोरं हसून हसून बेंचाखाली जायची. ह्यांना पत्ता नाही.

पण माझं डोकं खरं फिरायचं ते वायरींवरून. आकृतीत वायर सरळ आणि काटकोनात असते ना, मग टेबलावरसुद्धा ती तशीच हवी! पोरांना सेलोटेप वाटायचे आणि वायरी काटकोनात मोडून टेबलाला चिकटवायला लावायचे. "वायर सरळ तर विचार सरळ." अहो, त्या वायरी बारीक तारांच्या असतात, रोज मोडल्या की आतल्या आत तुटतात. वरून प्लास्टिक धड, आत तार तुटलेली. मग बल्ब पेटत नाही, आणि सर जातात फळ्याकडे. दर शुक्रवारी दुपारी मी सोल्डरिंग आयर्न घेऊन त्यांच्या वायरी सांधत बसायचे, क्लिपांना चिकटलेली सेलोटेप नखाने खरवडायचे आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

एकदा मी बोलले. "सर, मोडू देऊ नका मुलांना वायरी. सरळ नसली तरी करंट जातो."

"जातो की ओ मॅडम," ते म्हणाले, "पण मुलांच्या डोक्यात नाही जात." आणि मग दयाळूपणे विचारलं, "अमीटर सिरीजमध्ये लावतात की पॅरलल, माहीत आहे ना तुम्हाला?"

फर्स्ट क्लास हो, फर्स्ट क्लास! तीनदा सांगितलं होतं मी त्यांना. तरी दर महिन्याला हा प्रश्न. त्यांच्या लेखी प्रेप रूममध्ये बसणारा तो प्यून. त्यांच्या शाळेत तसं असेलही. इथे त्यांचा एक तास माझ्याशिवाय उभा राहिला नसता, हे त्यांना कोण सांगणार?

आता बल्बचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्या ड्रॉवरमध्ये दोन जातीचे बल्ब होते. दिसायला सारखेच, काच तीच, आटे तेच. फरक फक्त पितळेच्या गळपट्टीवर कोरलेल्या आकड्यात, आणि तो भिंगाखाली धरल्याशिवाय वाचता येत नाही. एक जात थोड्या करंटवर छान पेटते, दुसरीला जास्त लागतो. दोन्ही एकाच जातीचे घेऊन सिरीजमध्ये जोडले तर सारखे पेटतात, पुस्तकात म्हटलंय तसे. पण एक ह्या जातीचा आणि एक त्या जातीचा जोडला तर एक लख्ख पेटतो आणि दुसऱ्यात नुसती लालसर तार दिसते. मग पोरांना वाटतं, पहिल्या बल्बने करंट खाल्ला, दुसऱ्याला उरलंसुरलं मिळालं. ही समजूत एकदा डोक्यात बसली की पुढे ती काढता काढता टीचरच्या नाकीनऊ येतात. म्हणून टेक्निशियनने जोड्या जुळवून द्यायच्या असतात. चार वर्षं मी भिंग घेऊन जुळवत होते. सरांचा फळा खरा ठरत होता तो माझ्यामुळे, आणि ते मात्र समजत होते की आकृती बरोबर आहे म्हणून.

चौथ्या वर्षी त्यांचं शेवटचं ऑब्झर्व्हेशन ठरलं. बाहेरून एक असेसर येणार, एक अख्खा तास बघणार. पास झाले तर स्टेटस, नाहीतर उन्हाळ्यात परतीचं विमान. सरांनी विषय निवडला, इयर एट, सिरीज सर्किट. हातखंडा म्हणे.

त्याच आठवड्यात शाळेत पेरेंट्स इव्हिनिंग होती. मी खुर्च्या लावायला थांबले होते. एक मराठी जोडपं सरांशी बोलत होतं, चांगली ओळखीतली माणसं, गणपतीला आमच्या मंडळाच्या हॉलवर भेटायची. त्या बाईंनी माझ्याकडे बोट केलं, "अय्या, ह्यापण इथेच असतात? सायन्स शिकवतात?"

सर हसले. "छे छे. त्या आमच्याकडे बाटल्या धुतात."

वाईट हेतूने नाही बोलले. तेच तर! मनात काही असतं तर मी भांडले असते. सहज बोलले, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. ती बाई माझ्याकडे बघून गोड हसली, आणि ते हसू मी घरी घेऊन आले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "धुतेस ना पण?" त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सरांची चिठ्ठी आली. सुबक अक्षर, पट्टीने आखलेली आकृती, आणि खाली इंग्रजीत, प्रत्येक ट्रेमध्ये दोन बल्ब, आयडेंटिकल. आयडेंटिकलखाली दोन रेघा.

मी ड्रॉवर उघडला. भिंग शेजारीच होतं. आणि मी जोड्या जुळवल्या. हो, जुळवल्या, चौदाच्या चौदा ट्रेंमध्ये, एक ह्या जातीचा, एक त्या जातीचा. चुकून एकही जोडी बरोबर राहू नये म्हणून दोनदा तपासलं. इतकं मन लावून मी त्या शाळेत दुसरं कुठलं काम केलं असेल असं मला वाटत नाही. दिसायला आयडेंटिकल हवेत ना? घ्या आयडेंटिकल.

तास सुरू झाला. मी दाराच्या काचेआड, हातात उगाच एक फ्लास्क. असेसरबाई मागे बसल्या, मांडीवर फाइल. सरांनी कोट घातला होता, केसांना तेल. अर्धा तास फळा. आकृती इतकी सुंदर काढली की फ्रेम करून लावावी. मग पोरांनी सेलोटेप लावून वायरी चिकटवल्या आणि स्विच दाबले.

"सर, आमचा दुसरा पेटत नाहीये!"

"आमचा पहिला डिम आहे!"

चौदा टेबलांवर चौदा तक्रारी. आणि सर, मला माहीतच होतं, वळले आणि गेले फळ्याकडे. माझ्या ओठावर हसू आलं, ते मला अजून आठवतं. त्यांनी एक कोपरा पुसला. पुन्हा ओढला. वळून पाहिलं. पुन्हा दुसरा कोपरा. पोरं खिदळायला लागली. असेसरबाईंचं पेन चालू होतं. सरांच्या मानेवर घाम दिसत होता.

पुढच्या बेंचवर एक चष्मेवाली मुलगी होती, फारशी कधी न बोलणारी. ती म्हणाली, "सर, डायग्राम ठीक आहे. बल्बचं काहीतरी आहे." आणि तिने दोन्ही बल्ब काढून जागा बदलल्या. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. स्विच दाबला. "बघा. डिमवाला डिमच राहिला. पहिला लावला तरी डिम."

सर पट्टी हातात घेऊन तिच्या टेबलापाशी गेले. वाकले. "अगेन," म्हणाले. तिने पुन्हा केलं. "अगेन." मग त्यांनी पट्टी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि पोरांसारखे त्यावर बसले. बल्ब स्वतःच्या हातात घेतला आणि होल्डरमध्ये फिरवायला लागले. उलटा फिरवत होते! पन्नाशीचा फिजिक्सचा मास्तर आणि बल्ब बसवता येईना. त्या मुलीने त्यांचा हात धरून दाखवलं, असा सर, ह्या बाजूला. बल्ब मंद पेटला. त्यांनी तोंड इतकं जवळ नेलं की काचेवर वाफ धरली. मग दुसऱ्या टेबलावरचे घेतले, तिसऱ्या. डोळ्यांवर विश्वास बसत नाही असं काहीतरी चेहऱ्यावर. वरून विमानं जात होती. असेसरबाई आहेत हे ते साफ विसरले होते. मागची पोरं एकमेकांवर सेलोटेप फेकत होती, कुणीतरी गाणं म्हणत होतं, आणि सर आणि ती मुलगी बल्ब अदलाबदल करत होते. वीस मिनिटं ते वर्गाशी एक वाक्य बोलले नाहीत. बेल झाली.

पाच मिनिटांनी सर प्रेप रूममध्ये आले. हातात दोन बल्ब. मी भिंग पुढे केलं. मला कळायला हवं होतं की तेवढ्याने मी स्वतःला उघडं पाडलं. त्यांनी आकडे वाचले. एकाचा, मग दुसऱ्याचा.

"हे वेगळे आहेत की ओ मॅडम."

मी भिंग परत घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवलं.

"सव्वीस वर्षं हे फळ्यावर काढलं मी," ते म्हणाले. "आमच्याकडे एक कपाट होतं. किल्ली हेडमास्तरांकडे. इन्स्पेक्शनच्या दिवशी उघडायचं, साहेब गेले की बंद. साठ पोरं एका वर्गात, हात कोण लावू देणार? इथे आल्यावर वाटलं, आता ह्या वयात कुणाला विचारायचं, बल्ब कसा लावतात?" आणि ते हसले. "आज पहिल्यांदा लावला."

चार वर्षं मी ज्या माणसाला हसत होते तो हे लपवत होता, आणि मला, फर्स्ट क्लासवालीला, ते ओळखता आलं नव्हतं. मला त्यांचा रागच आला. हे आधी सांगायला काय झालं होतं? पण बाटल्या धुणाऱ्या बाईला कोण सांगणार.

मग त्यांनी विचारलं. अगदी हळू. "असेसरबाई दहा मिनिटांत बोलावणार आहेत. तुम्ही येऊन दोन शब्द सांगाल का, की बल्ब मिसळले गेले म्हणून? सामानात गडबड असली तर दुसरा तास मागता येतो म्हणतात. चुकून मिसळले म्हणा. होतं की असं."

चुकून म्हणा, म्हणाले. त्यांना कळलं होतं की नाही ते मला आजही माहीत नाही. दार उघडून कॉरिडॉरमध्ये वीस पावलं चालायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं.

"सर, माझी नोकरी जाईल," मी म्हणाले.

नोकरीबिकरी काही गेली नसती. फार तर हेड ऑफ सायन्सने बसवून दोन शब्द ऐकवले असते. पण ती चौदा ट्रेंकडे बघेल आणि विचारेल, चौदाच्या चौदा कसे गं मिसळले, ह्याची मला भीती वाटली.

"बरोबर आहे," सर म्हणाले. बल्ब ट्रेमध्ये ठेवले, कोट झटकला आणि गेले.

ते नापास झाले. संध्याकाळी हेड ऑफ सायन्स माझ्याकडे आली. म्हणाली, मी त्यांना विचारलं की इक्विपमेंटमध्ये काही प्रॉब्लेम होता का, तर म्हणाले, बल्ब तपासणं माझं काम होतं, मी तपासले नाहीत. "तुला काही माहीत आहे का? टर्म संपेपर्यंत आपण दुसरं ऑब्झर्व्हेशन मागू शकतो, फक्त कारण हवं." मी म्हणाले, मला काही माहीत नाही. ती खांदे उडवून गेली.

जुलैमध्ये, टर्म संपायला आठवडा असताना, स्टाफरूममध्ये त्यांना निरोप दिला. सुपरमार्केटचा केक, कागदी प्लेट्स. तुम्ही दोघं एकाच भागातले, तूच बोल, असं म्हणून मला पुढे केलं. आणि मी बोलले. काय बोलले म्हणता! ख्रिसमस ट्री, अमी-टर, काटकोनी वायरी, एकेक किस्सा रंगवून सांगितला. स्टाफरूम गडाबडा लोळली. सरही हसत होते, चष्मा काढून डोळे पुसत होते. मग मॅथ्सचा एक जण ओरडला, "आणि त्या दिवशी काय झालं? कुणीतरी खराब बल्ब दिले म्हणे?"

माझ्या हातात केकची प्लेट होती. मी सरांकडे बघितलं नाही.

"नो, नो," सर म्हणाले. "बल्ब्स वेअर गुड. ऑल ऑफ देम."

सगळ्यांना वाटलं सज्जनपणा करतायत. टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. खरं तर ते अगदी बरोबर बोलले होते. त्या अठ्ठावीस बल्बांमध्ये एकही खराब नव्हता.

त्या क्षणी मला लाज वाटली असं लिहायला बरं वाटेल. नाही वाटली. सुटले असं वाटलं. प्लेटमधला केक संपवला आणि आणखी एक तुकडा मागून घेतला. लाज आली ती घरी जाताना, बसमध्ये, आणि अशी आली की मला माझ्या स्टॉपवर उठता येईना. सोलापुरात एक बाई चार वर्षं बॅग भरायच्या तयारीत बसली होती आणि ती आता भरणार नव्हती, ते माझ्यामुळे. टर्म संपायला अजून सात दिवस होते. हेड ऑफ सायन्सच्या ऑफिसचं दार रोज उघडं असायचं, मी रोज ट्रे घेऊन त्याच्यासमोरून जायचे. एकदाही आत गेले नाही.